पाखरीचे बूट

घोड्याची पुढची खुरं आणि मागची खुरं सारखी नसतात, हे मला वयाच्या तेहतिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी दहा वर्षं पांढुर्ण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि दरसाल डझनावारी घोडे फळ्यावर काढत होतो. खुरांसाठी माझी रीत ठरलेली होती. शाईच्या दौतीचं झाकण फळ्यावर चार ठिकाणी टेकवायचं, दर वेळी त्याच्याभोवती खडू फिरवायचा, झाली चार खुरं! त्या घोड्यांनी कधी तक्रार केली नाही. (फळ्यावरच्या घोड्यांना चालावं लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण.)

माझी बायको सुमन मोहगावची. तिथे माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा, संत्र्याचा बगीचा. मामाजींनी त्यातलं एकेक झाड हातानं लावलेलं. पण विहिरीच्या कामावर पडून त्यांचा उजवा गुडघा कायमचा आखडला होता, त्यामुळे घरापासून बगीच्यापर्यंत ते पायी जाऊ शकत नसत. ते जात पाखरीवर. पाखरी म्हणजे त्यांची तांबडी घोडी. सकाळी सातला अंगणातल्या ओट्यावरून ते तिच्या पाठीवर बसत आणि दुपारी खिशात संत्री भरून परत येत. पाखरीच्या चालीत लोट्यातलं पाणी हालत नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि एकदा त्यांनी भरलेला लोटा घेऊन ते सिद्धही करून दाखवलं होतं.

घर ते बगीचा ही वाट म्हणजे शेताशेतांमधून जाणारी काळ्या मातीची पांदण. पाखरीचं सगळं आयुष्य त्या मऊ मातीत गेलं होतं. मग ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात गावाचा विकास झाला! पांदणीचा पक्का रस्ता होणार म्हणून तिच्यावर मुठीएवढी, चारी बाजूंनी धार असलेली दगडी गिट्टी पसरली गेली. आता रोलर आला की झालं, असं सगळे म्हणत.

"रोलर कुठं आहे?" मी विचारलं.

"येऊन राहिला," गावातला कोणीही सांगे.

पाऊस आला आणि गेला, दिवाळी तोंडावर आली, रोलर अजून येऊनच राहिला होता! तोवर त्या गिट्टीवर पाखरी एकेक पाय असा टाकी की जणू खाली निखारे आहेत. एक दिवस ती वाटेत अडखळली, मामाजी तिच्या मानेवर आले आणि पडता पडता वाचले. दुसऱ्या दिवशी ती लंगडायला लागली. मामाजींनी तिला अंगणात बांधलं आणि स्वतः खाटेवर बसले.

इथून खरी काळजी सुरू झाली. माझा मेहुणा नाना सौंसरला सरकारी नोकरीत. स्वभावानं सरळ, बापावर जीव. त्याचं म्हणणं एवढंच की बाबा त्या गिट्टीवर पडले तर म्हातारपणी हाड जुळणार नाही. त्यापेक्षा बगीचा तीन सालांसाठी ठेक्यानं देऊन टाकू. ठेका दिला की बगीच्यात ठेकेदाराची माणसं राहणार, मालकाला तिथे काही काम उरणार नाही. मामाजी जेवण कमी करायला लागले.

त्यातच त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. नागपूरला मोठ्या मेहुणीकडे पंधरा-वीस दिवस राहायचं होतं. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा डोळ्यावर ही मोठी पट्टी बांधून ते पडले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "डॉक्टर म्हणते धक्का लागू देऊ नका. म्हणजे बैलगाडी बंद. पाखरी चालली तरच मी बगीच्यात जातो. नाही तर नाना म्हणते तसं करा. मी काही अडवत नाही."

त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी काहीही बोलून बसतो.

"मामाजी, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं मोहगावलाच राहतो. तुम्ही याल तेव्हा पाखरी गिट्टीवरून अशी चालेल की तुम्ही पाहतच राहाल!" (हे डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला!)

"खरं का?"

"शब्द आहे माझा!"

"पण तिले लोखंड ठोकू नका, बरं का."

त्यामागे कारण होतं. फार वर्षांपूर्वी त्यांच्या एका घोड्याला नालाचा खिळा आतल्या मांसात गेला होता. पाय पिकला आणि घोडा दगावला. तेव्हापासून त्यांच्या घरात नाल नाही.

"छे, छे! लोखंडाचं नाव नाही," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी मी पाखरीला घेऊन मोहगावच्या आठवडी बाजारात नालबंदासमोर उभा होतो.

आता तुम्ही म्हणाल, शब्दाला काही किंमत आहे की नाही? आहे ना! पण मी मनाशी हिशेब असा केला होता की एकदा घोडी टकाटक चालायला लागली की मामाजी सगळं विसरतील. मी काही वेगळा उपाय शोधत बसलो नाही, कारण वेगळा उपाय मला सुचत नव्हता. नालबंद चाचा म्हातारे, पांढऱ्या दाढीचे, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी पाखरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मास्टरसाब, बैल कुठं आहे?"

"बैल नाही. घोडी आहे."

"थे दिसून राहिली मले. पण मी बैलाचा नालबंद आहो जी. घोड्याचं काम माह्या अब्बाजानसंगं गेलं. टांगे गेले, घोडे गेले. हे पाहा." त्यांनी पिशवीतून दोन छोट्या चपट्या लोखंडी पट्ट्या काढून तळहातावर ठेवल्या. "बैलाचं खूर मधातून फाटलेलं राहते. म्हणून एका पायाले दोन नाल. तुमच्या घोडीचं खूर अख्खं आहे. हिले कशा बसवू?"

इथे शहाण्या माणसानं नमस्कार करून परत यायला हवं होतं. मी खडू काढला. (चित्रकलेच्या मास्तराच्या खिशात सुट्टीतही खडू असतो.) जमिनीवर एक अर्धगोल काढला, त्याला चिकटून दुसरा काढला.

"चाचा, अर्धं अधिक अर्धं किती?"

"एक."

"मग दोन नाल जोडून ठोका, घोड्याचा एक नाल तयार!"

चाचांनी बराच वेळ त्या आकृतीकडे पाहिलं. "पढे-लिखे आदमी आहात," ते अखेर म्हणाले. "तुम्ही म्हणता तर करून पाहू. पण जनावर पाडा लागंन. पाडल्याशिवाय माहा हात चालत नाही."

बैलाला नाल ठोकताना त्याच्या पायांत दोर अडकवून त्याला आडवा पाडतात, चारी पाय एकत्र बांधतात आणि मग काम करतात. घोड्याला उभ्यानंच पाय उचलून नाल ठोकतात हे तेव्हा चाचा विसरले होते आणि मला मुळात माहीतच नव्हतं. दोर टाकला. एक टोक चाचांनी धरलं, दुसरं मी. बाजारातली माणसं भाजी सोडून भोवती गोळा झाली.

"ओढा!" चाचा ओरडले.

मी ओढला. पाखरीनं शांतपणे आधी एक पाय दोराबाहेर काढला, मग दुसरा काढला आणि शेजारच्या मुळ्याच्या ढिगाकडे चालू लागली. पण मी सगळा जोर लावून ओढतच होतो! दोर सैल झाला, मी मागे कोलमडलो, दोराचे वेढे माझ्याच पायांत बसले आणि मी धाडकन आडवा झालो.

"पडलं! पडलं!" गर्दीतून ओरडा झाला. "चाचा, धरा! सोडू नका!"

चाचांचं उभं आयुष्य जनावर पडलं की झडप घालण्यात गेलेलं. धुळीत त्यांना काय दिसलं असेल ते असो, पण त्यांनी सवयीनं माझा पाय मांडीवर घेतला, घट्ट दाबला आणि कानस उचलली. मग ते थबकले.

"अरे," ते म्हणाले, "यानं तर चप्पल घातली!"

मोहगावचा बाजार इतका हसला की मुळेवाली आपले मुळे घोडी खातेय हेही विसरली. मी दोरातून मान वर काढली तेव्हा समोर भाजीची पिशवी घेऊन सुमन उभी होती.

"उठा," ती म्हणाली.

घरी येऊन पाखरीला बांधल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबांना काय सांगून आले होते तुम्ही?"

"लोखंड ठोकणार नाही."

"मग?"

"ठोकलं कुठं?"

"पाखरीनं ठोकू दिलं नाही म्हणून! तिला अक्कल आहे. तुम्हाला एवढीच हौस असेल ना, तर चपला शिवा तिच्यासाठी, चपला!"

हे ती रागानं म्हणाली होती. पण मी तिथल्या तिथे उडी मारली. चपला! खिळे नाहीत, लोखंड नाही, गिट्टी टोचणार नाही! "सुमन, मला एक कल्पना सुचली आहे," मी म्हणालो. ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. (आमच्या संसारातल्या बहुतेक कल्पना मला अशाच सुचल्या आहेत.)

दुसऱ्या दिवशी मी बस धरून सौंसरला गेलो आणि टायरच्या चपला करणाऱ्याकडून ट्रकच्या टायरचे तुकडे घेऊन आलो. तळवा टायरचा, वरचा भाग संत्र्यांवर टाकायच्या जुन्या तिरपालाचा, आत गोधडीची मऊ घडी, बांधायला खाटेची नवार आणि जुन्या दप्तरांची बकलं, असा माझा नकाशा तयार झाला. सुमनचं शिलाई मशीन आम्ही सोबत आणलंच होतं. आता राहिलं फक्त माप.

मी पाखरीच्या पायाखाली ड्रॉइंगचा कागद सरकवला आणि पेन्सिल शोधायला वळलो. परत पाहिलं तर कागद नाही!

"खाल्ला तिनं," सुमन म्हणाली.

दुसरा कागद सुमननं दोन्ही हातांनी धरून ठेवला तेव्हा कुठे पुढच्या उजव्या खुराचं माप मिळालं. तिसरा कागद आणू लागलो तर पाखरी आशेनं माझ्याकडे पाहू लागली. मग मी म्हटलं, कागद वाया कशाला घालवायचा? एक खूर मोजलं की चारी मोजली. मी टायरवर एकसारखे चार गोल काढले आणि सुरीनं कापायला बसलो. चार दिवस मी टायर कापत होतो. हाताला फोड आले, सुरीचं पातं मोडलं, शेजारची सुरी आणली, तिचंही मोडलं. सुमननं तिरपाल शिवताना मशीनच्या तीन सुया तोडल्या आणि मग दाभणानं शिवायला बसली. अखेर चार बूट अंगणात ओळीनं उभे राहिले. मी ते दोनदा पुसले.

पाखरीच्या पायांत ते चढवत होतो तेवढ्यात नाना आला. सोबत ठेकेदार. जाडजूड, पांढऱ्या कपड्यांतला, सारखी सुपारी चघळणारा माणूस. बगीचा पाहून परतताना चहाला आला होता. अंगणात खाटेवर दोघं बसले. सुमननं चहा दिला.

"हे काय करून राहिले भाऊजी?" नानानं विचारलं.

"बघा आता!" मी छाती काढून म्हणालो. "पाखरी गिट्टीवरच काय, काचांवरूनही चालेल!"

आणि पाखरी चालली. पुढचे दोन पाय झोकात पडले. मागच्या पायांत मात्र काहीतरी गोल गोल फिरतंय हे तिच्या ध्यानात आलं. ती थांबली. मान वळवून तिनं मागे पाहिलं. मग मागचा डावा पाय तिनं असा झटकला की ट्रकच्या टायरचा तो बूट हवेत उडाला, तुळशीवरून गेला आणि ठेकेदाराच्या हातातल्या बशीवर आदळला. बशी फुटली. चहा पांढऱ्या शर्टवर आणि बूट मांडीवर!

ठेकेदारानं बूट दोन बोटांत धरून वर उचलला. "हे काय आलं?"

"घोडीचा बूट," नाना खाली मान घालून म्हणाला.

"असं का? घोडी कॉलेजात जाऊन राहिली वाटते!" तो उठला, शर्ट झटकला. "नानासाहेब, बाबूजी परवा येऊन राहिले ना? तेरवा सकाळी मी बगीच्याच्या फाटकापाशी येतो. सही तिथंच करून टाकू. असल्या सर्कशीवर बगीचा चालत नाही."

ते गेल्यावर नाना माझ्याजवळ थांबला. "भाऊजी, वाईट नका वाटून घेऊ. पण बाबांना खोटी आस कशाला लावली?"

मी ओट्यावर बसून राहिलो. आयुष्यात प्रथमच मला वाटलं की मी बोललो नसतो तर बरं झालं असतं. मामाजी नागपूरला दिवस मोजत असतील, आणि इथे माझा शब्द तुळशीवरून उडून चहाच्या बशीत पडला होता!

सुमन मात्र पाखरीच्या मागच्या पायाशी बसली होती. तिनं खूर उचलून मांडीवर घेतलं. (पाखरीनं ते मुकाट दिलं. उभ्यानं! कोणी पाडलं नाही!) मग पुढचं उचललं, मग पुन्हा मागचं.

"इकडं या," तिनं हाक मारली. "हे पाहा. पुढचं कसं आहे?"

"गोल."

"आणि हे मागचं?"

मी वाकून पाहिलं. मागचं खूर गोल नव्हतंच. अरुंद होतं, टोकाकडे लांबट होतं. अंगानंही लहान. दोन्हींत इतका फरक की शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही सांगता आला असता.

"तुम्ही चित्रकलेचे मास्तर ना?" सुमननं विचारलं.

"चित्रात सगळी सारखीच दिसतात," मी म्हणालो.

"तुमच्या चित्रात!"

तिनं मागच्या दोन्ही खुरांचं वेगवेगळं माप घेतलं. मी पुन्हा टायर कापलं, ती पुन्हा शिवायला बसली. मधेच मी सूचना करायला तोंड उघडलं तर तिनं दाभण माझ्याकडे रोखून धरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मागचे नवे बूट तयार झाले आणि पाखरी अंगणात चारी पायांवर फिरली. नवार निसटली नाही, बूट फिरला नाही. ती परत येऊन माझ्या सदऱ्याला नाक घासून उभी राहिली. सुमन रडायला लागली आणि वरून मलाच म्हणाली, "तुम्ही कशाला रडून राहिले?"

मामाजी आले ते त्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या बसनं. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, हात धरून त्यांना घेऊन आल्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्याला आधीच कमी दिसे. ओट्यावर टेकल्यावर त्यांनी पाणीही घेतलं नाही.

"पाखरीले आणा."

मी मोठ्या ऐटीत तिला गोठ्यातून काढलं आणि अंगणातून चालवत त्यांच्यासमोर आणलं. मामाजी कान देऊन बसले होते. घोडीच्या टापा त्यांच्या ओळखीच्या. पण टायर आणि गोधडी घातलेल्या टापांचा आवाज येतो कशाला!

"मास्तर," मामाजी म्हणाले, "घोडी कुठं आहे?"

"तुमच्या समोरच आहे, मामाजी."

"टाप वाजली नाही."

"ती आता वाजत नाही."

मामाजींचा चेहरा उतरला. "खरं सांगा मास्तर. मी मनाची तयारी करूनच आलो. मेली का?"

हे ऐकताच मामींनी पदर तोंडाला लावला. "अवो माय! माही पाखरी! कधी गेली वो?" शेजारच्या दोन बाया रडं ऐकून धावत आल्या आणि काय झालं ते न विचारताच रडू लागल्या. मी आणि सुमन ओरडून सांगतोय, "अहो, जिवंत आहे! जिवंत आहे!" आणि पाखरी मध्ये उभी राहून आपल्याच नावानं चाललेला शोक ऐकते आहे! शेवटी तिनंच पुढे येऊन मामाजींच्या खिशात नाक घातलं. तिथे संत्रं असायचं.

मामाजींचे हात वर आले. तिचं कपाळ, तिची मान, मग खांदा. हात पुढच्या पायावरून खाली खाली गेला आणि बुटावर थांबला.

"हे काय?"

"बूट," मी म्हणालो.

"घोडीले?"

"हो."

त्यांनी बुटाच्या कडेकडेनं बोट फिरवलं. खालून, वरून, बकलाजवळून. "खिळा?"

"एकही नाही."

बराच वेळ त्यांनी तिचा पाय धरून ठेवला. मग मामींना म्हणाले, "सकाळी सातले माहं धोतर काढून ठेव."

सकाळी सातला पाखरीवर मामाजी, लगाम धरून मी, बाजूला सुमन आणि मागे अर्धं मोहगाव निघालं. मी पांढुर्ण्याहून दिवाळीला घेतलेले कोरे कातडी सँडल घातले होते. प्रसंगच तसा होता. घरं संपली, पांदण लागली, गिट्टी सुरू झाली. पाखरी थांबली. तिनं खाली पाहिलं, वास घेतला. मग तिनं एक पाय गिट्टीवर ठेवला, दाबून पाहिला, दुसरा ठेवला आणि चालू लागली. अगदी पूर्वीच्या चालीनं!

"लोटा आणा रे!" मामाजी वरून ओरडले. लोक हसले, टाळ्या पिटल्या. मी चारही दिशांना पाहत, मान हलवत टाळ्या स्वीकारत चाललो होतो, आणि म्हणूनच मागच्या उजव्या बुटाचं बकल तुटलेलं मला दिसलं नाही. सुमनला दिसलं.

"थांबा! बूट सुटून राहिला!"

अर्धी वाट झाली होती. पुढे बगीच्याचं फाटक दिसत होतं आणि फाटकापाशी नाना आणि ठेकेदार उभे होते. ठेकेदाराच्या हातात कागद होता. मामाजींना उतरवावं तर गिट्टीवर त्यांचा गुडघा टिकायचा नाही. बूट नसलेल्या पायानं घोडी चालवावी तर ती अडखळणार. बकल तर तुटलंच होतं, नवारही बकलापाशी फाटली होती.

"दोरी आहे का कोणाकडं?" मी विचारलं. अर्ध्या मोहगावानं एकमेकांचे खिसे तपासले. बिड्या निघाल्या, काडेपेट्या निघाल्या, दोरी निघाली नाही.

सुमननं माझ्या पायांकडे पाहिलं. कमरेच्या पिशवीतून तिनं कात्री आणि दाभण काढलं.

"सँडल काढा."

"अगं, नवे आहेत!"

"काढा म्हणते ना!"

एका सँडलचा पट्टा पुरला नाही. तिनं दुसऱ्याचाही कापला. तिथेच गिट्टीवर बसून दोन्ही जोडले, बुटाला शिवले आणि गाठ मारली. "चला," ती म्हणाली. पाखरी निघाली. आणि मीही निघालो, अनवाणी!

मला त्या दिवशी पाखरीचं दुःख तळपायापासून समजलं. प्रत्येक गिट्टीला धार होती आणि प्रत्येक धार माझ्यासाठी राखून ठेवली होती. मी एक पाय टाकी, दुसरा उचलून हवेत धरी, हात पसरी, मग तो टाकी. शेजारून पाखरी बुटांत डौलानं चालली होती. मघाशी माझ्यासाठी टाळ्या पिटणारे लोक आता दुसऱ्याच कारणानं टाळ्या पिटत होते.

"मास्तर," वरून मामाजींनी विचारलं, "लंगडून काहून राहिले?"

"काही नाही मामाजी, आनंद झाला!"

फाटक आलं. नाना धावत पुढे आला, बापाला हात द्यायला. पण मामाजी उतरलेच नाहीत. घोडीवर बसूनच ते फाटकातून आत गेले. पहिल्या झाडापाशी हात लांब करून त्यांनी एक संत्रं चाचपलं, वास घेतला, तोडलं, सोललं. एक फोड तोंडात टाकली. सगळे उभे राहून त्यांचं तोंड पाहत होते.

"आणखी आठ दिवस थांबा लागते," ते म्हणाले. "मी रोज येऊन पाहीन. शेठजी, कागद घरी घेऊन जा. ठेका नाही."

"बाबूजी, पण रोज याल कसे?"

"जसा आज आलो तसा."

नानानं माझ्याकडे पाहिलं. मग एवढा सरकारी माणूस, सगळ्यांसमोर माझ्या पायाशी वाकला. (मी घाईनं मागे सरकलो. नमस्काराला हरकत नव्हती, पण त्या क्षणी पायांना कोणी हात लावणं मला परवडणारं नव्हतं.) सुमन पाखरीच्या गळ्यात हात टाकून उभी होती. मला त्या दोघींचा इतका अभिमान वाटला की पायाखालची गिट्टी मी विसरलो. निदान घटकाभर तरी विसरलो.

परत येताना गावभर वार्ता पुढे गेली होती. दारादारातून बाया बाहेर येऊन पाहत होत्या. "हेच का वो जवाई?" "हेच! बूटवाले!" मी विजयी वीरासारखा, पण टाचांवर, सासरवाडीच्या अंगणात शिरलो. दारात मामी उभ्या होत्या. हातात ऊन पाण्याची कळशी, ताटलीत हळद, डोळे पाण्यानं भरलेले. आमच्याकडे जावई मोठं काम करून आला की सासू दारातच त्याचे पाय धुते. मला ठाऊक होतं, म्हणून मी आधी नको नको म्हटलं, मग पायरीवर बसलो, धोतर थोडं वर घेतलं आणि दोन्ही पाय पुढे केले.

मामी माझ्या पायांना वळसा घालून पुढे गेल्या. पाखरीपाशी बसल्या, एकेक बकल आणि सँडलच्या पट्ट्याची गाठ सोडून चारी बूट काढले आणि ऊन पाण्यानं तिचे चारी पाय चोळून चोळून धुतले. हळद लावली. पदरानं पुसले. मग कुठे त्यांचं लक्ष पायरीकडे गेलं.

"थांबा जी मास्तर," त्या म्हणाल्या, "पाणी उरलं असलं तर तुमचेही धुतो."

त्यांनी कळशी उलटी करून पाहिली. पाणी उरलं नव्हतं.